एका कोअरचा निरोप दुसऱ्या कोअरला: कर्नलमध्ये पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

हिंजवडी म्हणा, खराडी म्हणा, बाणेर म्हणा, सिस्टिम्स किंवा एम्बेडेडच्या मुलाखतीत हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच: "सीपीयू ० वर कर्नलचा कोड चालू आहे आणि त्याला सीपीयू ३ कडून एक काम करून घ्यायचंय. कसं घेशील?" "थ्रेड बनवू, म्युटेक्स लावू" हे उत्तर आलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. बीईच्या पुस्तकात प्रोसेस-प्रोसेसमधलं मेसेज पासिंग असतं, म्हणजे पाइप, सॉकेट, मेसेज क्यू. प्रोसेसर-प्रोसेसरमधलं क्वचितच असतं, आणि कंपनीत गेल्यावर ते तुम्हाला येतंय असं सगळे गृहीत धरतात.

हा लेख तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे इंजिनिअर यांच्यासाठी आहे. सी भाषा येते, पॉइंटरची भीती गेली आहे आणि लिनक्सचं टर्मिनल रोज उघडता, एवढं पुरे. फंक्शनची आणि फाइलची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.

आधी हे जमवून ठेवा

- ६४-बिट लिनक्स असलेला लॅपटॉप. निदान ४ कोअर, ८ जीबी रॅम, २५ जीबी रिकामी जागा. विंडोजच्या डब्ल्यूएसएलमध्ये कर्नल बांधता येतो, पण पायरी ८ मधली मोजमापं तिथे करू नका.
- जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, गिट, आणि लिबएल्फ व ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट पॅकेजेस. यातलं एखादं राहिलं तर बांधणी अर्ध्यात थांबते आणि एरर वाचून कारण लगेच कळतंच असं नाही.
- व्हर्च्युअल मशीन चालवायला क्यूईएमयू आणि केव्हीएम. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं, आणि तुमचं युजरनेम केव्हीएम ग्रुपमध्ये हवं.
- ट्रेस-सीएमडी, म्हणजे कर्नलमधल्या घटना टिपणारं टूल.
- कर्नल डॉट ऑर्गवरून घेतलेला एखादा लाँगटर्म कर्नल. गिटने घेणार असाल तर डेप्थ १ द्या, सगळा इतिहास उतरवायची गरज नाही.
- पायरी ७ साठी रास्पबेरी पाय ४ आणि यूएसबी टू टीटीएल केबल. केबल बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळते. मागताना ३.३ व्होल्टची मागा. ५ व्होल्टची केबल पायच्या पिनांना लावली तर बोर्ड जाऊ शकतो, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगणार नाही.
- कॉलेजच्या लॅबमधलं मशीन वापरणार असाल तर लॅब इन्चार्जची लेखी परवानगी. कर्नल मॉड्यूल (चालत्या कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) चढवायला रूट लागतं आणि मशीन अडकलं की चौकशी तुमचीच होते. कंपनीच्या लॅपटॉपवर तर थेट मॉड्यूल चढवायचा विचारही नको: सिक्युअर बूट बहुधा अडवतं, आणि नाही अडवलं तर आयटीवाले अडवतात.

१. आधी नुसतं बघा

कोड लिहिण्याआधी टर्मिनलमध्ये /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल कॅटने उघडा. प्रत्येक सीपीयूसाठी एक रकाना दिसेल. वरच्या आकड्यांच्या ओळी सोडून द्या आणि खाली या. इंटेल-एएमडीच्या मशीनवर तीन ओळी आपल्या कामाच्या आहेत: आरईएस म्हणजे "तुझ्याकडे नवीन काम आलंय, शेड्यूलर बघ", सीएएल म्हणजे "हे फंक्शन चालव", आणि टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांच्या नोंदींची प्रत्येक कोअरकडची छोटी वही) म्हणजे "मेमरीचा पत्ता बदललाय, तुझ्याकडची जुनी नोंद पुस". हे तिन्ही एका कोअरने दुसऱ्या कोअरला पाठवलेले इंटरप्ट आहेत. यांना आयपीआय (इंटर-प्रोसेसर इंटरप्ट) म्हणतात, आणि यापुढे मीही तेच म्हणेन.

टीएलबीची ओळ मुद्दाम हलवून बघा. सीमध्ये चार थ्रेडचा छोटा प्रोग्रॅम लिहा. तीन थ्रेड नुसते फिरत राहू देत, आणि चौथा एक पान एममॅप करून, त्यात एक बाइट लिहून, मुनमॅप करत राहू दे. दुसऱ्या खिडकीत वॉच लावून आकडे कसे धावतात ते पाहा. बाइट लिहायला विसरू नका. पानाला हातच लावला नाही तर पेज टेबलात नोंद होत नाही, मग पुसायलाही काही नसतं, आणि आकडा ढिम्म हलत नाही.

हाच प्रयोग ६४-बिट आर्मवर केलात तर टीएलबीची ओळच सापडणार नाही. तिथे टीएलबी पुसायची सूचना हार्डवेअर स्वतःच बाकीच्या कोअरना पोचवतं, कर्नलला त्यासाठी आयपीआय पाठवावा लागत नाही.

२. बेल वेगळी, चिठ्ठी वेगळी

ही पायरी सावकाश वाचा. पुढचे जवळपास सगळे घोटाळे इथूनच निघतात.

आयपीआयमध्ये निरोप नसतो. एक्स८६ वर (म्हणजे इंटेल-एएमडीवर) प्रत्येक कोअरला लोकल एपिक, म्हणजे इंटरप्ट सांभाळणारा भाग, असतो आणि त्यात आयसीआर नावाचं रजिस्टर. त्यात तुम्ही दोन मुख्य गोष्टी लिहिता: कुणाला पाठवायचं, आणि ८ बिटांचा व्हेक्टर क्रमांक. बस्स. पॉइंटर नाही, लांबी नाही, डेटा नाही. आर्मच्या जीआयसीमध्ये (तिथल्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) तर याहून तुटपुंजा कारभार आहे: कोअर-कोअरमधल्या अशा इंटरप्टसाठी (तिथे त्यांना एसजीआय म्हणतात) एकूण १६ क्रमांक, ० ते १५, आणि त्यातलेही लिनक्सच्या वाट्याला सहसा पहिले ८ च येतात. म्हणजे हार्डवेअर तुम्हाला दारावरची बेल देतं. चिठ्ठी तुम्हालाच लिहून दोघांना दिसेल अशा मेमरीत ठेवावी लागते, आणि ठेवून झाल्यावरच बेल वाजवायची असते.

"ठेवून झाल्यावर" हे बोलायला सोपं आहे. कोअरने लिहिलेली गोष्ट आधी त्याच्या स्टोअर बफरमध्ये जाते, बाकीच्यांना दिसायला वेळ लागतो. बेल त्याआधी पोचली तर पलीकडचा कोअर दार उघडतो आणि बाहेर चिठ्ठीच नसते. जुन्या एक्सएपिक पद्धतीत आयसीआर हे मेमरीतलंच एक ठिकाण असल्यामुळे क्रम आपोआप सांभाळला जायचा. नव्या एक्स२एपिक पद्धतीत तिथे एमएसआर, म्हणजे प्रोसेसरचं खास रजिस्टर, लिहावं लागतं, आणि इंटेलच्या नियमानुसार ते लिखाण आधीच्या स्टोअरसाठी थांबत नाही. म्हणून लिनक्स तिथे बेलच्या आधी एमफेन्स आणि एलफेन्स अशा दोन सूचना घालतो. आर्मच्या जीआयसी व्ही३ च्या ड्रायव्हरमध्येही एसजीआय पाठवण्याच्या बरोबर आधी एक डीएसबी, म्हणजे तशीच थांबवणारी सूचना, सापडेल, आणि त्यावरची टिप्पणी हेच सांगते की आधीची लिखाणं बाकीच्या कोअरना दिसू देत, मग आयपीआय. दोन्ही जागा सोर्समध्ये शोधून स्वतः बघा. कुठल्याही ट्यूटोरियलपेक्षा त्या चार ओळी जास्त शिकवतात.

दुसरी गंमत: बेल दोनदा वाजवली म्हणजे दोनदा ऐकू येईलच असं नाही. एपिकमध्ये प्रत्येक व्हेक्टरसाठी "येऊन थांबलाय" याचा एकच बिट असतो. समोरच्याने पहिली उचलण्याआधी दुसरी आली तर दोन्ही मिळून एकच. त्यामुळे बेल मोजून निरोप मोजता येत नाहीत. बेल ऐकली की पेटीत असतील तेवढ्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या, हा नियम.

लिनक्सने हे फार नेटकेपणाने केलंय. कर्नल/एसएमपी.सी उघडा. प्रत्येक सीपीयूची एक कॉल_सिंगल_क्यू आहे, लॉक नसलेली लिंक्ड लिस्ट. निरोप त्यात एललिस्ट_अ‍ॅड ने टाकतात, आणि हे फंक्शन परत सांगतं की तुम्ही टाकण्याआधी रांग रिकामी होती का. रिकामी होती तरच आयपीआय जातो. आधीच कुणाची चिठ्ठी पडलेली असेल तर तिची बेल वाजलेली आहेच, परत कशाला? सदाशिव पेठेतल्या दारावरची "बेल एकदाच वाजवावी" ही पाटी कर्नलमध्ये एका इफच्या ओळीत बसवलेली आहे. पलीकडचा कोअर आला की तो एका फटक्यात अख्खी रांग उचलतो, उलटी करतो (कारण लिस्टमध्ये शेवटची चिठ्ठी वर असते) आणि एकेक चालवतो.

३. कर्नल बांधा, पण रोजच्या कर्नलला हात लावू नका

सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे व्हर्टमी-एनजी नावाचं टूल. ते गरजेपुरतं कॉन्फिग बनवतं, कर्नल बांधतं आणि तुमचीच फाइलसिस्टिम वापरून क्यूईएमयूमध्ये काही सेकंदांत बूट करतं. वेगळी डिस्क इमेज, बिझीबॉक्स, इनिटरॅमएफएस यांच्या मागे लागू नका, त्यात आठवडा जातो आणि विषय बाजूला राहतो. मशीनला चार सीपीयू द्या. एकाच सीपीयूवर हा लेख वाचण्यात अर्थ नाही.

कॉन्फिगमध्ये हे चार पर्याय चालू करा: प्रूव्ह_लॉकिंग, डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप, डीबग_इन्फो आणि सीएसडी_लॉक_वेट_डीबग. शेवटचा पर्याय फारसा कुणाला माहीत नसतो. एखाद्या सीपीयूने निरोपाचं उत्तरच दिलं नाही तर कोण कुणासाठी ताटकळलंय हे तो नावानिशी छापतो.

पूर्ण डीफकॉन्फिग (कर्नलसोबत येणारं ठरावीक कॉन्फिग) बांधायला साध्या लॅपटॉपला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. डेस्कटॉपवर बांधत असाल तर गुरुवार टाळा. महावितरणची देखभाल निघाली की मेक अर्ध्यावर.

४. पहिला निरोप

मॉड्यूल अगदी छोटं ठेवा. एक पॅरामीटर: कुठल्या सीपीयूला पाठवायचं. एक फंक्शन: ते स्वतः कुठल्या सीपीयूवर चालतंय ते एसएमपी_प्रोसेसर_आयडी वापरून छापेल. इनिटमध्ये (मॉड्यूल चढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एकच कॉल, एसएमपी_कॉल_फंक्शन_सिंगल. त्याला चार गोष्टी द्यायच्या: सीपीयू क्रमांक, फंक्शन, इन्फो नावाचा पॉइंटर, आणि वेट. सुरुवातीला वेट १ ठेवा, म्हणजे पलीकडे काम पूर्ण झाल्यावरच कॉल परत येईल. परत आलेली किंमत तपासा. तो सीपीयू बंद असेल तर वजा ईएनएक्सआयओ मिळतं.

चढवताना टास्कसेट लावून इनस्मॉड (मॉड्यूल चढवणारी कमांड) सीपीयू ० ला बांधा, नाहीतर इनिट कुठल्या सीपीयूवर चाललं हेच कळत नाही. आधी आणि नंतर सीएएलची ओळ बघा, डीमेसेज (कर्नलची छपाई दाखवणारी कमांड) बघा.

इथे दोन वेळा "चालत नाहीये" असं वाटतं, पण चालत असतं. पहिली वेळ: तुम्ही स्वतःलाच निरोप पाठवलाय. लक्ष्य आणि पाठवणारा एकच असला तर कर्नल इंटरप्ट बंद करून फंक्शन तिथल्या तिथे चालवतो, आयपीआय जातच नाही. दुसरी वेळ: समोरचा सीपीयू रिकामा आहे आणि पोलिंग करत बसलाय, म्हणजे स्वतःच्या एका फ्लॅगकडे टक लावून आहे. अशा वेळी कर्नल नुसता तो फ्लॅग उचलतो. दारातच उभा असलेल्यासाठी बेल वाजवत नाहीत. फंक्शन चालतं, छपाई होते, आकडा मात्र वाढत नाही.

५. इथे माणसं अडकतात

पलीकडचं फंक्शन इंटरप्टच्या संदर्भात, इंटरप्ट बंद असताना चालतं. म्हणजे झोपायचं नाही, कशाची वाट बघत सीपीयू सोडायचा नाही. म्युटेक्स नाही, जीएफपी_कर्नलवाला केमॅलॉक (झोपू शकणारी मेमरीची मागणी) नाही, युजरच्या मेमरीतून कॉपी नाही. पायरी ३ मध्ये डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप चालू केलं असेल तर लगेच बोंब होईल. केलं नसेल तर दहादा चालेल आणि नेमकं डेमोच्या दिवशी मशीन गोठेल.

वेट ० दिला की इन्फो कुठे ठेवलाय ते दहा वेळा तपासा. फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता दिलात तर तुमचं फंक्शन परत जातं, स्टॅकची ती जागा दुसऱ्याच्या कामाला लागते, आणि मग पलीकडचा कोअर ती वाचायला येतो. वेट १ असताना हीच चूक चूक नसते, म्हणून "आधी चालत होतं, वेग यावा म्हणून फक्त वेट काढला" या वाक्यामागे बहुतेक वेळा हेच दुखणं असतं. निरोप जितका वेळ रांगेत आहे तितका वेळ त्याची मेमरी जिवंत राहिली पाहिजे. केमॅलॉकने घ्या, आणि कोण सोडणार ते आधी ठरवा.

वेट ० म्हणजे कधीच थांबणार नाही, असंही नाही. या मार्गासाठी प्रत्येक पाठवणाऱ्या सीपीयूकडे एकच पाकीट असतं. आधीचा निरोप समोरच्याने उचलेपर्यंत दुसरा कॉल तिथेच घुटमळतो. खरोखर न थांबता पाठवायचं असेल तर स्वतःचं पाकीट, म्हणजे कॉल_सिंगल_डेटा, बाळगा आणि नावाच्या शेवटी असिंक असलेलं भावंड वापरा. ते पाकीट अजून वापरात असेल तर थांबण्याऐवजी वजा ईबिझी परत करतं. त्या सिंबॉलसाठी मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल लिहिलेलं हवं.

इंटरप्ट बंद करून हा कॉल कधीच करू नका. कारण कागदावर काढून बघा. सीपीयू ० ने इंटरप्ट बंद केले, सीपीयू १ ला निरोप पाठवला आणि उत्तराची वाट बघत फिरत राहिला. त्याच क्षणी सीपीयू १ नेही इंटरप्ट बंद करून ० ला निरोप पाठवला. दोघांच्या दारात बेल वाजतेय आणि दोघांनीही कान बंद केलेत. मशीन मेलं. कर्नल अशा कॉलवर इशारा छापतो, पण इशारा एकदाच छापतो, आणि डीमेसेजच्या गर्दीत तो वाहून जातो.

याचंच लपलेलं रूप लॉकसोबत येतं. तुम्ही स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत राहायला लावणारं लॉक) हातात धरून वेट १ ने निरोप पाठवला, आणि पलीकडचं फंक्शन तोच स्पिनलॉक मागतंय. तो तुमच्यासाठी थांबलाय, तुम्ही त्याच्यासाठी. मुलाखतीत लॉकचा प्रश्न आला की हे उदाहरण द्या, पुढची पंधरा मिनिटं चांगली जातात.

६. झोपावं लागणारं काम असेल तर

फाइल उघडायची आहे, मोठी मेमरी घ्यायची आहे, आयटूसीवरून सेन्सर वाचायचा आहे: आयपीआय विसरा. शेड्यूल_वर्क_ऑन वापरा, त्याला सीपीयू क्रमांक द्या. त्या सीपीयूचा कामगार थ्रेड सवडीने काम उचलेल, आणि तिथे झोपायला मुभा आहे. मध्येच कुणी तो सीपीयू बंद करू नये म्हणून सीपीयूज_रीड_लॉक घ्या. निम्म्याहून जास्त प्रोजेक्टना खरं तर एवढंच पुरतं, आणि गाइडनी "मेसेज पासिंग कुठंय यात?" असं विचारलं तर त्यांना वर्कक्यूचा सोर्स दाखवा.

७. स्वतःची टपालपेटी

सतत, वेगाने आणि एकाच दिशेने निरोप जायचे असतील तर दर निरोपाला आयपीआय परवडत नाही. मग दोन कोअरच्या मध्ये एक गोल रांग बांधतात: एक टाकणारा, एक काढणारा, लॉक नाही. रिलीज म्हणजे आधीची लिखाणं दिसल्याशिवाय हे लिखाण दिसणार नाही, अक्वायर म्हणजे हे वाचून झाल्याशिवाय पुढचं वाचन होणार नाही. क्रम असा:

टाकणारा:
 अ. जागा[शेपूट] मध्ये निरोप लिही
 आ. शेपूट एकने पुढे ने, एसएमपी_स्टोअर_रिलीजने
 इ. रांग आधी रिकामी होती तरच बेल वाजव

काढणारा:
 अ. शेपूट वाच, एसएमपी_लोड_अक्वायरने
 आ. डोकं आणि शेपूट वेगळे असतील तर निरोप वाच
 इ. डोकं एकने पुढे ने, एसएमपी_स्टोअर_रिलीजने

टाकणाऱ्याच्या "इ" मध्ये एक खाच आहे. काढणारा "रांग रिकामी दिसतेय, झोपतो" असं ठरवत असतानाच टाकणारा "रांग रिकामी नव्हती, बेल नको" असं ठरवू शकतो, आणि मग निरोप पडून राहतो. म्हणून काढणाऱ्याने झोपायचा फ्लॅग लावल्यावर रांग पुन्हा एकदा तपासायची, आणि टाकणाऱ्याने शेपूट हलवल्यावर तो फ्लॅग बघायचा. दोन्हीकडे मध्ये पूर्ण एसएमपी_एमबी, म्हणजे मेमरी बॅरिअर, हवा. इथे रिलीज-अक्वायर पुरत नाही, कारण दोघंही आधी लिहितात आणि मग दुसऱ्याचं वाचतात. एक्स८६ सुद्धा हा क्रम उलटा करू शकतो.

डोकं आणि शेपूट वेगवेगळ्या कॅश लाइनवर (कॅश ज्या तुकड्यांत मेमरी आणते त्या तुकड्यांवर) ठेवा. लाइन बहुतेक ठिकाणी ६४ बाइटची असते. शेजारी-शेजारी ठेवलीत तर दोन कोअर एकाच लाइनसाठी ओढाताण करत राहतात आणि लॉक नसूनही वेग लॉकइतकाच पडतो.

आता तपासणी. रिलीज-अक्वायरच्या जागी साधं लिहिणं-वाचणं केलं तरी इंटेलच्या लॅपटॉपवर हे बहुधा बिनबोभाट चालेल, कारण एक्स८६ दोन लिखाणांचा क्रम सहसा मोडत नाही. कंपायलरने खेळ केला तरच बिघडेल. आर्मवर मात्र हा क्रम मोडू शकतो. म्हणून रास्पबेरी पाय ४ घ्यायला सांगितलं. त्यात कॉर्टेक्स-ए७२ चे ४ कोअर आहेत. "क्यूईएमयूत आर्म चालवू की" असं म्हणू नका. इंटेलच्या मशीनवर चालणारं नकली आर्म शेवटी इंटेलच्याच नियमांनी मेमरीत लिहितं, तिथे ही चूक सापडायची नाही.

बोर्डवरही चूक लाखातून एखाद्या वेळीच दिसते, तेव्हा कागदी पुरावाही हवा. कर्नलच्या टूल्समध्ये मेमरी-मॉडेल नावाचा फोल्डर आहे. त्यातल्या लिटमस चाचण्यांत (मेमरीचा क्रम तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) "एमपी"ने सुरू होणाऱ्या फाइल्स आहेत, आणि एमपी म्हणजे मेसेज पासिंगच. हर्ड७ हे टूल बसवा आणि दोन फाइल्स चालवा: साध्या लिखाण-वाचनाची आणि रिलीज-अक्वायरची. पहिलीला उत्तर येतं "समटाइम्स", दुसरीला "नेव्हर". हे दोन शब्द प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छापा. एक्स्टर्नल परीक्षकाला ग्राफपेक्षा हे जास्त पटतं.

ही कल्पना टोकाला नेली तर काय होतं ते बघायचं असेल तर बॅरलफिश या संशोधनासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल वाचा. ईटीएच झुरिक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००९ मध्ये ही मल्टिकर्नलची मांडणी पुढे आणली: प्रत्येक कोअरवर स्वतःचा वेगळा कर्नल, काहीही सामाईक नाही, आणि बोलायचं ते कॅश लाइनएवढ्या निरोपांतून. आणि पुण्यात बसून हे वाचताना परम ८००० हा महासंगणक आठवायला हवा. सी-डॅकने १९९१ मध्ये इथेच तो उभा केला. त्यात इन्मॉसचे ट्रान्सप्युटर होते, प्रत्येकाची मेमरी वेगळी, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याशी बोलायला ४ सिरियल लिंक. तिथे निरोप खरोखर तारेतून जायचा. आपण आज सामाईक मेमरीच्या डोक्यावर जे बांधतोय ते त्या चिपमध्ये हार्डवेअरनेच दिलेलं होतं.

८. मोजायचं असेल तर

केव्हीएममध्ये मोजलेला आयपीआयचा वेळ रिपोर्टमध्ये "आयपीआयचा वेळ" म्हणून लिहू नका. पाठवताना पाहुणा (व्हर्च्युअल मशीनमधला) कर्नल बऱ्याचदा यजमानाकडे (खऱ्या मशीनच्या कर्नलकडे) बाहेर पडतो आणि परत येतो, तुम्ही मोजता तो मुख्यतः तो प्रवास. खऱ्या मशीनवर मोजा.

खऱ्या मशीनवरही समोरचा कोअर गाढ झोपेत असेल तर तो उठायचा वेळच मोजला जातो. यावर इंटरनेटवर उपाय सापडतो तो आयडल=पोल हा बूट पर्याय. नेमका इथे तो चालत नाही. पायरी ४ आठवा: पोलिंग करणाऱ्या सीपीयूला कर्नल आयपीआय पाठवतच नाही, म्हणजे तुम्ही वेगळीच गोष्ट मोजाल. त्याऐवजी समोरच्या कोअरवर टास्कसेटने एक नुसता फिरणारा प्रोग्रॅम बसवा, मग मोजा. सरासरी देऊ नका, मध्यक आणि सगळ्यात वाईट आकडा द्या.

कोण कुणाला बेल वाजवतंय हे बघायला ट्रेस-सीएमडीमध्ये आयपीआय गटाचे इव्हेंट चालू करा. नव्या कर्नलमध्ये पाठवणारा, घेणारा आणि कुठून कॉल आला हे सगळं एका ओळीत दिसतं. सीएसडी (कॉल_सिंगल_डेटा, पायरी ५ मधलं पाकीट) गटाचे इव्हेंट रांगेत टाकणं आणि फंक्शन सुरू-संपणं दाखवतात. दोन्ही एकत्र लावले की बेल आणि चिठ्ठी यांच्या वेळा शेजारी-शेजारी येतात.

९. पलीकडे लिनक्सच नसेल तेव्हा

ऑटोमोटिव्हमध्ये गेलात तर हा प्रकार भेटेल. एकाच चिपमध्ये लिनक्स चालवणारा कॉर्टेक्स-ए आणि मोटर-सेन्सर सांभाळणारा कॉर्टेक्स-एम. एसटीएम३२एमपी१ मध्ये ए७ आणि एम४ अशी जोडी आहे. इथे वरचं काहीच लागू पडत नाही, कारण पलीकडे तुमचा कर्नल नाही, एखादा छोटा आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. बेल म्हणजे मेलबॉक्स हार्डवेअर, चिठ्ठी ठेवायची जागा म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) राखून ठेवलेली मेमरी. लिनक्समध्ये पलीकडच्याला फर्मवेअर देऊन उठवतो रिमोटप्रॉक, आणि निरोप नेतो आरपीमेसेज.

सुरुवात कर्नलच्या सॅम्पल्समधल्या आरपीमेसेज क्लायंटपासून करा. अडकायच्या जागा तीन:

नाव जुळत नाही. पलीकडचं फर्मवेअर "मी अमुक सेवा देतो" अशी घोषणा पत्ता ५३ वर पाठवतं. त्यातलं नाव आणि तुमच्या ड्रायव्हरच्या टेबलातलं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. नसेल तर प्रोब (ड्रायव्हरचं सुरुवातीचं फंक्शन) कधीच चालत नाही आणि एररही येत नाही.

निरोप मोठा आहे. व्हर्टआयओच्या (आरपीमेसेज सहसा ज्या रांगांवरून जातो त्यांच्या) मार्गाने नेहमीचा बफर ५१२ बाइटचा, त्यात १६ बाइट हेडर. तुमच्या हातात उरतात ४९६. मोठा डेटा पाठवायचा असेल तर तो राखीव मेमरीत ठेवा आणि निरोपात फक्त पत्ता आणि लांबी पाठवा.

कॅश. लॅपटॉपवर कोअर-कोअरच्या कॅश हार्डवेअर जुळवून ठेवतं, इथे ती हमी नाही. राखीव मेमरी कॅश होणारी म्हणून मॅप झाली तर ए७ ने लिहिलेलं त्याच्याच कॅशमध्ये बसून राहतं, आणि एम४ जुनाच डेटा वाचत बसतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: छपाईच्या ओळी वाढवल्या, थोडा वेळ गेला, की निरोप अचानक बरोबर येऊ लागतात. असं दिसलं की फर्मवेअर उकरण्याआधी डिव्हाइस ट्रीमधली ती राखीव मेमरीची नोंद आणि ड्रायव्हरने ती कशी मॅप केली आहे ते बघा.